पाचवा खिळा

सोफे दुरुस्त करणाऱ्या माणसाला देवानं दोनच हात दिले, ही त्या धंद्यातली पहिली अडचण. डाव्या हातानं कापड ताणून धरायचं, उजव्या हातात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. बुटके, चपट्या डोक्याचे खिळे. जिभेनं एकेक वळवून ओठांवर आणायचा, डोकं बाहेर, टोक आत. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतो, तो ओठांवरून खिळा अलगद उचलतो आणि पुढच्याच ठोक्याला तो लाकडात जातो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

थोरले हे काम चौपन्न वर्षं करत होते. वय एकाहत्तर, दात स्वतःचे, आणि तोंडात कायम पाच खिळे. चार नाहीत, सहा नाहीत. दुकान वडिलांचं, आणि खिळ्यांचे नियमही वडिलांचेच. तोंडात खिळे असताना बोलायचं नाही. हसायचं नाही. शिंक आली तर आधी थुंकायचं, मग शिंकायचं. थोरल्यांनी हे नियम पाळले आणि दुकानात जो कोणी शिकायला आला त्याच्याकडून पाळून घेतले. धाकट्या भावालाही त्यांनीच शिकवलं. धाकटा तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आता चौसष्टचा आहे. त्याला पहिल्या आठवड्यातच समोर बसवून ते म्हणाले होते, "तुझं तोंड बंद राहत नाही. तू खिळे वाटीत ठेव." धाकट्यानं ठेवले. त्यामुळे दुकानात एकाचं तोंड कायम भरलेलं आणि दुसऱ्याचं कायम चालू, अशी वाटणी झाली. गिऱ्हाइकांना ती सोयीची होती.

पण गेली अकरा वर्षं थोरले कापड बेततानाही तोंडात खिळे धरत. हिशेबाची वही लिहितानाही धरत. जिथे ठोकायचं काहीच नाही तिथे खिळे कशाला, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर देणारं तोंड भरलेलं होतं. लोक तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. यांनी लोखंड धरलं होतं, एवढाच फरक.

कारण सांगायला हवं, पण हसू नका. कारण होतं एक खुर्ची.

आई म्हातारपणी दुकानाच्या दारात उंच पाठीच्या खुर्चीत बसायची. मातकट रंगाचं कापड, डोकं टेकायचं तिथे तेलाचा डाग, हातांवर कापड इतकं झिजलेलं की खालचं गोणपाट दिसायचं. सोफेवाल्यांच्या आईची खुर्ची फाटकी, अशी गिऱ्हाइकं चेष्टा करायची. आई गेली. तीन आठवड्यांनी थोरले स्प्रिंगांचा माल बघायला दोन दिवस बाहेरगावी गेले आणि परत आले तर खुर्चीला नवं कापड. हिरव्या पट्ट्यांचं, पाठीवरची पट्टी बैठकीवरच्या पट्टीशी दोऱ्याइतकीही न चुकता जुळवलेली. धाकटा बाजूला उभा होता, पहिलं बक्षीस मिळालेल्या पोरासारखा. जुनं कापड कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं.

"कुणी सांगितलं होतं?" थोरले म्हणाले.

धाकट्याला उत्तर सुचलं नाही. त्याला उत्तर सुचलं नाही असं त्याच्या आयुष्यात तेवढं एकदाच झालं. थोरल्यांनी डब्यातून पाच खिळे घेतले, तोंडात टाकले, आणि त्यानंतर अकरा वर्षं भावाशी एक अक्षर बोलले नाहीत.

दुकान मात्र चालू राहिलं. थोरले सांगाड्याच्या लाकडावर खडूनं लिहायचे, 'तीन स्प्रिंगा गेल्या', 'डावा पाय कुजला', आणि धाकटा ते वाचून मोठ्यानं उत्तर द्यायचा. घरं वरखाली होती, जिना एकच होता. थोरल्यांची बायको दोघांनाही वाढायची आणि दोघांनाही बोल लावायची. "आपलेच दात, आपलेच ओठ," ती म्हणायची, "सांगू कुणाला?" हिरव्या पट्ट्यांची खुर्ची दारातच राहिली. तिच्यावर कुणी बसत नसे. गिऱ्हाइकं पिशव्या ठेवत.

आणि धाकटा विनोद सांगायचा. सांगायचा गिऱ्हाइकाला, पण डोळ्याचा कोपरा दादाच्या तोंडाकडे. अकरा वर्षं, दिवसाला दोनतीन तरी. चांगले, वाईट, फार वाईट. दादाच्या ओठांची रेघ हलली नाही. धाकट्याला वाटायचं, दादा ऐकतच नाही.

दादा सगळे ऐकत होते. बरेचसे त्यांना आवडतही होते. अशा वेळी ते दाढा गच्च आवळून घेत आणि नजर खिळ्याच्या डोक्यावर ठेवत. गाल आतून चावला जायचा. तेही त्यांनी धंद्याचा भाग धरलं होतं.

मग एका मंगळवारी निवृत्त मुख्याध्यापक आपली वाचायची खुर्ची न्यायला आले. माणूस वजनदार, दोन्ही अर्थांनी. खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले, आणि भुवया जवळ घेऊन म्हणाले, "करकरते आहे."

"नाही करकरायची, साहेब," धाकटा म्हणाला. "सांधे नव्यानं भरलेत."

"मला ऐकू येतंय ना. बसलं की करकर, उठलं की करकर."

"जरा या दुसऱ्या खुर्चीत बसता?"

मुख्याध्यापक दुसऱ्या खुर्चीत बसले. करकर. तिसऱ्या खुर्चीत बसले, ती लोखंडी होती. करकर. मग ते नुसतेच खाली वाकून उठले, खुर्चीशिवाय. करकर. धाकट्यानं खाली बसून त्यांच्या उजव्या गुडघ्याला कान लावला, फार गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, हाही भरून देऊ. कापड तुमच्या पसंतीचं. आठवडा लागेल."

थोरले त्या वेळी पाठ वळवून दिवाणाची पट्टी ठोकत होते. दाढा आवळायच्या आत हसू आलं. अकरा वर्षांचं हसू. बाहेर पडायची वाट त्याला ठाऊकच नव्हती. ते आत गेलं, श्वासाबरोबर, आणि जाताना एक खिळा घेऊन गेलं.

पुढचं मिनिटभर थोरले निळे-जांभळे होत खोकत राहिले. धाकटा धावला आणि त्यांच्या पाठीत तळव्यानं दणके घालू लागला. अकरा वर्षांत भावाचा हात भावाला पहिल्यांदाच लागला, तोही असा. खोकला थांबला. थोरल्यांनी तळहातावर खिळे थुंकले. चार होते.

"दादा, खिळा गेला की काय?"

थोरल्यांनी मूठ मिटली, खडू घेतला आणि दिवाणाच्या लाकडावर लिहिलं, 'धूळ'.

धंद्यातल्या माणसाला गिळलेल्या खिळ्याचं भय नसतं. वडिलांनी जन्मात दोन गिळले होते. केळी खायची आणि वाट पाहायची, एवढाच उपाय. थोरल्यांनी तीन दिवस केळी खाल्ली, तीन दिवस रोज सकाळी नीट तपासणी केली, तिचं वर्णन इथे नको. खिळा आला नाही. चौथ्या दिवशी ते उजव्या कुशीवर वळले आणि छातीतून बारीक शिट्टी वाजली. तेव्हा त्यांना कळलं, खिळा अन्नाच्या वाटेनं गेलेला नाही. तो वाऱ्याच्या वाटेनं गेला आहे.

आता कुणीही शहाणा माणूस उठून डॉक्टरकडे गेला असता आणि म्हणाला असता, माझ्या छातीत खिळा आहे. थोरल्यांनी सगळा विचार केला. डॉक्टर छातीचा फोटो काढणार. फोटोत खिळा दिसणार. खिळा दिसला की कसा गेला ते विचारणार. शिंक आली म्हणावं, तर धाकटा चार हातांवर उभा होता आणि शिंक आली नव्हती हे त्याला ठाऊक होतं. मग काय झालं होतं? गुडघ्याचा विनोद झाला होता. म्हणजे चौपन्न वर्षं इतरांना शिकवलेला नियम मोडला तो मोडलाच, वर ज्या माणसाशी अकरा वर्षं बोलत नाही त्याच्या विनोदाला हसलो, हे त्याच्यासमोर कबूल करायचं. त्यापेक्षा खिळा परवडला. पडलो तरी नाक वर, ही आपल्याकडे जुनीच तऱ्हा आहे. थोरल्यांचं नाक तर मूळचंच लांब होतं.

खोकला राहिला. कोपऱ्यावरचे डॉक्टर चांगले गृहस्थ होते. त्यांनी छातीला नळी लावली, शिट्टी ऐकली आणि म्हणाले, "वय झालं. त्यात धंदा धुळीचा, कापसाचा. दमा म्हणायचा." त्यांनी तोंडात ओढायचा फवारा दिला. थोरल्यांनी तो मनापासून ओढला. खिळ्याला फवाऱ्याचं काहीच वाटलं नाही.

तिसऱ्या महिन्यात ताप आला. गोळ्यांनी गेला. पाचव्या महिन्यात पुन्हा आला आणि या खेपेला डॉक्टरांनी नळी पाठीवर बराच वेळ एकाच जागी धरून ठेवली.

"मागच्या वेळीही इथेच होतं," ते म्हणाले. "उजवीकडे, खाली. दोन्ही वेळा एकाच जागी न्यूमोनिया म्हणजे तिथे काहीतरी आहे. फोटो काढून या."

"फोटो नको," थोरले म्हणाले.

"का?"

"नको."

घरात याचा जो अर्थ लावायचा तो लावला गेला. माणूस फोटोला भितो म्हणजे फोटोत काय निघेल त्याला भितो. त्या रोगाचं नाव कुणी घेतलं नाही, पण ते जिन्यावरून वरखाली हिंडू लागलं. बायको आधी ओरडली, मग तिनं विनवण्या केल्या, मग ती भांडी घासताना रडू लागली, ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडून. थोरल्यांना ऐकू जात होतं. एकदोनदा ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेही, आणि पाणी पिऊन परत आले. काट्याचा नायटा होतो म्हणतात. इथे तर सुरुवातच खिळ्यानं झाली होती.

आणि दुकानात धाकट्यानं विनोद सांगणं बंद केलं.

हे थोरल्यांना सगळ्यांत जड गेलं. गिऱ्हाईक यायचं, धाकटा माप घ्यायचा, "हो," "नाही," "शनिवारी या," बस. डोळ्याचा कोपरा अजून दादाकडेच, पण त्यात आता पाणी असायचं. थोरले दाढा आवळून तयार बसायचे आणि आवळायला काही मिळायचं नाही. दुकान इतकं शांत झालं की त्यांना स्वतःच्या छातीतली शिट्टी ऐकू येऊ लागली. दोनदा त्यांनी खडू उचलला, लाकडाशी नेला, आणि 'फोम कमी पडेल' असं लिहून ठेवून दिला.

सातव्या महिन्यात बायकोला धुवायच्या कपड्यांत रुमाल सापडला. रुमालावर रक्त होतं. ती रुमाल घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला मरायचंय का?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, मीठ आहे का विचारावं तसा.

"नाही," थोरले म्हणाले. हे खरं होतं. त्यांना मरायचं नव्हतं. त्यांना फक्त सांगायचं नव्हतं, आणि या दोन्ही गोष्टी फार दिवस एकत्र चालणार नाहीत हे आता त्यांनाही दिसू लागलं होतं.

आठव्या महिन्यात, भर सकाळी, तीन जणांच्या सोफ्याचं माप घेता घेता थोरल्यांचा श्वास संपला. टेप हातात, गुडघे टेकलेले, तोंड उघडं. त्या दिवशी तोंडात खिळे नव्हते. धरायला दम नव्हता. धाकट्यानं त्यांना काखेत धरून उठवलं आणि बसवायला जागा शोधली. सगळ्या सोफ्यांची आतडी बाहेर होती. धड अशी एकच खुर्ची दुकानात होती. त्यानं गिऱ्हाइकाची पिशवी खाली ढकलली आणि दादाला आईच्या खुर्चीत बसवलं.

थोरल्यांचा जीव घशाशी आला होता, पण पाठ सोफेवाल्याची होती. तिला लगेच कळलं. आत जुनाच काथ्या होता. नवं कापड घालताना कोणताही कारागीर आतला काथ्या उपसून नवा भरतो, पाठ सपाट करतो, शिकाऊसुद्धा करतो. धाकट्यानं हात लावला नव्हता. आई डावीकडे कलून बसायची, तो खोलगट आकार हिरव्या पट्ट्यांखाली तसाच ठेवला होता, आणि असल्या खड्ड्यावर पट्ट्या सरळ जुळवणं किती अवघड असतं हे दुनियेत दोघांनाच कळलं असतं. त्यातला एक अकरा वर्षं त्या खुर्चीत बसला नव्हता.

शेजारच्या कुलूपवाल्याला हाक गेली. दोघांनी खुर्ची उचलली, थोरल्यांसकट, आणि तिसऱ्या गल्लीतलं इस्पितळ गाठलं. मागून थोरल्यांची बायको, हातात कसलाच उपयोग नसलेली छत्री. दारावरच्या रखवालदारानं खुर्चीकडे पाहिलं आणि सांगितलं, फर्निचर मागच्या दारानं. धाकट्यानं त्याला जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही, पण दार उघडलं.

फोटो नको म्हणायला थोरल्यांकडे श्वास नव्हता. फोटो निघाला.

छातीच्या डॉक्टर, तिशीतल्या एक बाई, फोटो उजेडावर लावून बघू लागल्या. मग त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. थोरले नाकाला नळी लावून पलंगावर, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला धाकटा. फोटोत बरगड्या होत्या, धुरकट ढग होता, आणि ढगाच्या वरच्या टोकाला, कुणीतरी पेन्सिलनं काढावा इतका स्वच्छ, एक खिळा. डोकं वर, टोक खाली.

"आपल्याच डब्यातला आहे," धाकटा म्हणाला.

"केव्हापासून आहे हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ महिने," थोरले म्हणाले.

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

डॉक्टर कागदावर लिहीत होत्या. "उतारवयात असं पुष्कळ होतं," त्या म्हणाल्या. "दाणा, गोळीचा तुकडा, दात. खोकला झाला की घरचे वयाला दोष देतात, खरं सांगायचं तर आम्हीही देतो. पण कसा गेला ते मला लिहावं लागेल. झोपेत? ठसका लागून?"

थोरल्यांनी छताकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. तोंडात धरायला काही नव्हतं.

"हसलो," ते म्हणाले.

"कशाला?"

थोरल्यांनी धाकट्याकडे बोट केलं. "यानं हसवलं."

धाकटा दादाच्या बोटाकडे बघत राहिला.

"गुडघ्याचा?" त्यानं हळूच विचारलं.

थोरल्यांनी मान हलवली.

धाकटा भिंतीला टेकून खाली बसला आणि चौसष्टाव्या वर्षी, डॉक्टरबाईंसमोर, मोठ्यानं रडू लागला. रडता रडता तो म्हणाला, "त्याच्याहून कितीतरी चांगले सांगितले होते रे मी."

"ऐकलेत," थोरले म्हणाले. श्वास पुरेना म्हणून थांबले. "सगळे."

बायकोचं मात्र अजून तिथेच अडलं होतं. "एकदा हसलात," ती म्हणाली, "आणि ते लपवायला मला आठ महिने रडवलंत?" ती आजही तो प्रश्न महिन्यातून एकदा विचारते.

खिळा निघायला चार दिवस गेले. आधी ताप उतरवला, मग घसा बधिर करून, गुंगी देऊन, एक बारीक लवचीक नळी आत सोडली. तिच्या टोकाला दिवा आणि चिमटा. खिळ्याभोवती मांस वाढलं होतं, त्यानं सहजी सोडलं नाही. पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आल्या. छोट्या बाटलीत खिळा होता, काळा पडलेला, टोक अजून शाबूत. "यापुढे तोंडात खिळे नाहीत," त्या म्हणाल्या. "एकही नाही." थोरल्यांनी मान डोलावली. बाटली धाकट्यानं खिशात घातली.

तीन आठवड्यांनी थोरले दुकानात परत आले. त्यांच्या जागेवर मनगटाला बांधायचा एक पट्टा ठेवला होता. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक, त्यावर कापडाचं अस्तर, हिरव्या पट्ट्यांचं. खिळे तोंडाऐवजी मनगटावर चिकटून राहायचे. थोरल्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. शिवण तपासली. बांधला.

आणि मग पंचाईत झाली. तोंड रिकामं होतं, पण अकरा वर्षांनी बोलायला सुरुवात कुठून करतात ते थोरल्यांना माहीत नव्हतं. सवयीनं त्यांनी खडू उचलला आणि 'काथ्या चांगला होता' असं लिहिलं, ते पण दिवाणाच्या खालच्या बाजूला. धाकट्यानं वाचलं की नाही, कळलं नाही. तोही गप्पच होता. एका विनोदानं दादाला जवळजवळ मारलं होतं. पुन्हा ती जोखीम घ्यायची त्याची छाती होईना. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दारात मुख्याध्यापक.

"नव्या खुर्चीचं माप द्यायचंय," ते म्हणाले आणि नमुना म्हणून समोरच्या खुर्चीत बसले. करकर झाली. यावेळी डावीकडून.

धाकट्याचे ओठ हलले. त्यानं दादाकडे पाहिलं, ओठ मिटले, आणि टेप काढून मुकाट्यानं खुर्चीची उंची मोजू लागला. मुख्याध्यापक उठले. करकर. धाकट्यानं उंची दुसऱ्यांदा मोजली.

"अरे, बोल की," थोरले म्हणाले.

धाकट्याच्या हातातली टेप सुटून घरंगळली.

"बोल. तोंडात काही नाही माझ्या."

धाकटा उठला, दादाजवळ आला आणि चष्मा कपाळावर चढवला. "आ कर बघू."

थोरल्यांनी आ केला. एकाहत्तराव्या वर्षी, गिऱ्हाइकासमोर, भर दुकानात. धाकट्यानं वाकून नीट पाहिलं, जिभेखाली, गालांत, दोन्ही बाजूंना. गालांच्या आत जुन्या चाव्यांचे पांढरे वण होते, ओळीनं. ते तो थोडा वेळ बघत राहिला. मग दादाची हनुवटी त्यानं स्वतःच्या हातानं मिटली, मुख्याध्यापकांकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, जोडीनं भरून घ्या. एकाला नवं कापड घातलं की दुसरा अबोला धरतो."

थोरले हसले. आवाज मोठा होता, थोडा गंजलेला, आणि बराच वेळ चालला. त्यात शिट्टी नव्हती.